घोडा का अडला? खुरातलं दुखणं आणि तोबऱ्यातलं कारण

पान का सडलं? घोडा का अडला? भाकरी का करपली? लहानपणी ऐकलेलं कोडं, आणि तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. पानाचं आणि भाकरीचं मला मान्य आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र एक दुरुस्ती सुचवायची आहे. घोडा, खेचर, गाढव यांना एक आजार असा होतो की जनावर खिळल्यासारखं जागच्या जागी उभं राहतं, आणि अशा वेळी पाय मोकळे व्हावेत म्हणून त्याला फिरवणं हाच मोठा घात ठरतो. पण त्याच जनावराचे मागचे सहा महिने तपासले, तर पुष्कळदा कोडंच बरोबर निघतं. ते फिरलेलं नसतं आणि तोबरा मात्र वेळच्या वेळी भरलेला असतो.

या आजाराचं नाव लॅमिनायटिस. तो दिसतो खुरात, म्हणून माणसं नालबंदाला बोलावतात. सुरुवात मात्र बहुतेक वेळा पोटातून आणि रक्तातून झालेली असते. प्राचीन ग्रीकांनी या दुखण्याला दिलेलं नाव जव या धान्यावरूनच आलेलं आहे, म्हणजे खाण्याशी असलेला संबंध त्यांच्याही नजरेतून सुटला नव्हता.

आधी खूर आतून कसा असतो ते बघू. घोडा चालतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. या नखाच्या आत बोटाचं शेवटचं हाड असतं. चपलेत पाय ठेवावा तसं हे हाड तळव्यावर ठेवलेलं असेल असं आपल्याला वाटतं, पण ते तसं नसतं. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं, पाळणा आढ्याला टांगावा तसं. टांगणी असते ती पातळ पापुद्र्यांची. हाडाकडून निघालेले पापुद्रे आणि भिंतीकडून निघालेले पापुद्रे, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तसे गुंतलेले असतात. एका खुरात असे मुख्य पापुद्रे साधारण ५५० ते ६०० असतात, आणि कंगव्याच्या प्रत्येक दाताला पुन्हा फणीसारखे दीडशे-दोनशे बारीक दात. या सगळ्या घड्या उलगडून पसरल्या तर एका खुराची पकड सुमारे ०.८ चौरस मीटर भरते. चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढी जागा, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या खुरात घडी करून ठेवलेली.

एवढा खटाटोप निसर्गाने केला कारण वजनच तेवढं आहे. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, त्यातला जवळपास ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर, आणि धावताना एका क्षणी तो सगळा एकाच खुरावर येतो.

लॅमिनायटिसमध्ये ही गुंतवण ताणली जाते, सुजते आणि सुटायला लागते. आपल्या नखाखाली रक्त साकळलं की काय होतं ते आठवा, आणि त्याच नखावर उभं राहून दिवस काढायचा आहे असं समजा. त्यात खुराची भिंत कडक, त्यामुळे सूज बाहेर यायला जागा नाही. पकड सैल झाली की हाडाला मागून धरलेला जाड स्नायुबंध त्याला मागे खेचत राहतो आणि हाडाचं टोक खाली तळव्याकडे वळतं. कधी अख्खं हाडच खाली बसतं. फारच बिघडलं तर ते तळवा फोडून बाहेर येतं. तिथवर पोचलेलं जनावर वाचवणं जवळजवळ अशक्य असतं.

हे होतं कशाने? ढोबळमानाने तीन वाटा आहेत. तिसरी चटकन उरकतो, कारण ती आपल्या हातात कमी आहे: एक पाय मोडला किंवा निकामी झाला की उरलेल्या पायावर आठवडेच्या आठवडे भार पडतो आणि त्या धडक्या पायातच लॅमिनायटिस होतो. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला बार्बारो हा अमेरिकन घोडा असाच गेला. पुढच्याच शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, हाड सांधत आलं, पण डाव्या मागच्या खुरात आणि शेवटी पुढच्या दोन्ही खुरांत लॅमिनायटिस झाला. जानेवारी २००७ मध्ये त्याला शांत करावं लागलं.

दुसरी वाट विषबाधेची, आणि गावाकडे ती नेहमी घडते. घोडा रात्री दावं तोडून कोठीत शिरतो आणि अर्धं पोतं मका किंवा ज्वारी फस्त करतो. घोड्याच्या लहान आतड्याला एका वेळी थोडंच पिष्ट पचवता येतं. उरलेलं मागच्या मोठ्या आतड्यात जातं, तिथे एकदम आंबतं, आम्ल तयार होतं, तिथले नेहमीचे जंतू मरतात आणि त्यांची विषं रक्तात उतरतात. खुरावर परिणाम दिसायला यानंतर एक ते तीन दिवस लागतात, आणि खरा धोका या मधल्या वेळेत आहे. सकाळी घोडा टवटवीत दिसतो, मालक म्हणतो ‘पचवलं बघ’, आणि परवा घोडा हलत नाही. तेव्हा धान्य खाल्लंय हे कळलं त्याच क्षणी डॉक्टरला फोन करायचा. लंगडण्याची वाट बघायची नाही.

याच वाटेवरची दुसरी जागा म्हणजे व्यायलेली घोडी. गाय-म्हैस सांभाळणाऱ्या माणसाला वार पडायला बारा तास लागले तरी फारशी चिंता वाटत नाही. गाईच्या बाबतीत ते चालून जातं. घोडीची वार मात्र तीन तासांत पडायला हवी. ती आत राहिली, किंवा तिचा तुकडा जरी आत राहिला, तरी गर्भाशयात विष तयार होतं आणि ते खुरात जाऊन बसतं. गाईचा अनुभव घोडीला लावल्यामुळे चांगल्या घोड्या गेलेल्या आहेत. वार पडली की ती जमिनीवर पसरून पूर्ण आहे का ते बघावं, आणि तीन तास उलटले तर रात्र असो की पाऊस, डॉक्टरला उठवावं.

पहिली वाट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण जगभर सर्वांत जास्त जनावरं याच वाटेने जातात आणि ती सर्वांत उशिरा समजली. इन्सुलिनची वाट. २००७ साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. निरोगी, सडपातळ पोनींच्या (ठेंगण्या जातीच्या घोड्यांच्या) रक्तात दोन-तीन दिवस सतत इन्सुलिन चढतं ठेवलं, साखर मात्र सामान्य राहील याची काळजी घेतली. ७२ तासांच्या आत त्या पोनींना लॅमिनायटिस झाला. धान्याने आतडं बिघडलेलं नव्हतं, जंतूंची विषं नव्हती, फक्त इन्सुलिन. आपल्या घरोघरी मधुमेह आहे, त्यामुळे हे समजायला मराठी वाचकाला वेळ लागू नये: वजन वाढलं, हालचाल कमी झाली, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. माणसात पुढे साखर वाढते. घोड्यात साखर बहुधा ठीक राहते आणि वाढलेलं इन्सुलिन खूर सोडवतं. म्हणून नुसती साखर तपासून ‘नॉर्मल आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, इन्सुलिन तपासायला हवं. पंधरा वर्षांपुढच्या घोड्या-गाढवांत मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या बिघाडानेही हेच होतं. त्याची खूण म्हणजे उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नाहीत.

आता आपल्याकडे बघा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी जो घोडेबाजार भरतो, तिथे गुटगुटीत, मानेवर कमान आलेला घोडा म्हणजे मालकाची शान. दूध, तूप, बदाम, हरभऱ्याची चंदी, वर गुळाचे खडे. हा घोडा नाचतो, दिसतो, विकला जातो, पण रोज दहा मैल चालत नाही. त्याच्या मानेची वरची कड दाबून पाहा. ती घट्ट रबरासारखी लागली, शेपटीच्या बुडाशी आणि खांद्यामागे चरबीचे गोळे लागले, तर तो घोडा सुदृढ आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरीकडे वीटभट्टीवर राबणारं गाढव किंवा टांग्याचा घोडा इन्सुलिनने क्वचित आजारी पडेल. त्याचं दुखणं उपासमारीचं, ओझ्याचं आणि कठीण रस्त्यावर आदळून आदळून झालेलं असतं. एकाच आजारावर दोघांना एकच सल्ला देणारा माणूस एकाचं तरी नुकसान करतो.

आणि खुरात काय चाललंय हे बघायला कोणी वाकतही नाही. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं, कारण किंमत दातांवर ठरते. पाय उचलून तळवा बघणारा विरळा. वास्तविक गेल्या वर्षभराचा हिशेब खुरावर लिहिलेला असतो. खुराची भिंत वरून खाली महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते, म्हणजे पुढचा भाग पूर्ण बदलायला नऊ महिने ते वर्ष लागतं. या काळात काही बिघडलं असेल तर भिंतीवर आडव्या रेघा उठतात. रेघा पुढे-मागे सारख्याच अंतरावर असतील तर ऋतू किंवा खाणं बदलल्याच्या खुणा, फार काळजी नको. पण पुढे एकमेकींजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या रेघा असतील, तर लॅमिनायटिस होऊन गेलेला आहे असं समजावं, मालक काहीही सांगो. विकायच्या घोड्याच्या खुराला काळं चकचकीत पॉलिश लावलेलं असेल तर आधी फडक्याने पुसून घ्यावं. मग पाय उलटा करून भिंत आणि तळवा यांच्यामधली पिवळसर रेषा बघावी. ती दोऱ्याएवढी बारीक असेल तर उत्तम, बोटभर रुंद, भुसभुशीत, मध्ये लाल-तांबूस ठिपके असतील तर पकड ताणलेली आहे.

चालू दुखणं ओळखायला कसबी माणूस लागत नाही. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो, टाचांवर रेलल्यासारखा. वळवताना अवघडतो, कडक जमिनीवर तर वाळवंटात अनवाणी चालल्यासारखा लहान-लहान पावलं टाकतो. उभ्या उभ्या या पायावरून त्या पायावर भार बदलत राहतो. खूर गरम लागतो. सर्वांत भरवशाची खूण नाडीची: खुराच्या वरच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांना बोटं ठेवली तर निरोगी घोड्याची नाडी जेमतेम लागते, शोधावी लागते. लॅमिनायटिसमध्ये ती बोटावर ठोके मारते. आपला घोडा धडधाकट असतानाच रोज खरारा करताना ती चाचपायची सवय लावली, तर बदललेली नाडी अंधारातही कळते.

गाढव मात्र फसवतं. शिकारी प्राण्यासमोर दुखणं दाखवायचं नाही हा त्याचा स्वभाव, त्यामुळे घोडा जिथे थरथरेल तिथे गाढव फक्त जरा गप्प असतं. जास्त वेळ बसून राहतं, कळपातून मागे पडतं, वैरणीत तोंड घालून उभं असतं पण चावत नाही. लोक म्हणतात गाढवच ते, अडलंय. त्याच्या अडण्याला आपण हट्टीपणा म्हणतो, आणि असं पहिल्यांदा म्हणणाऱ्याने त्याचे पाय बघितले असतील असं मला वाटत नाही. गाढवाचा खूरही घोड्याहून वेगळा असतो: अधिक उभा, अरुंद, आणि कोरड्या, खडकाळ प्रदेशासाठी घडलेला. त्यामुळे कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पाऊस आणि शेणमुताने ओला गोठा त्याला सोसत नाही. खूर मऊ पडतो, पिवळी रेषा कुजते, आत माती शिरते, पू होतो. वाढलेले खूर कापले नाहीत तर पुढे मोजडीच्या टोकासारखे वर वळतात.

आता दुखणं सुरू झालंच तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं. डॉक्टर येईपर्यंत घोड्याला चालवायचं नाही, गाडीत चढवून दूर नेण्याआधीही डॉक्टरला विचारायचं. पायाखाली वीतभर जाडीची वाळू पसरायची. घोडा स्वतःच त्यात टोक रुतवून आपल्याला बरं वाटेल असा उभा राहतो. मग बर्फ. नुसतं नळाचं पाणी मारून भागत नाही. गुडघ्याखाली सगळा पाय बर्फाच्या पाण्यात, आणि तोही सलग दोन ते तीन दिवस. धान्य खाल्लेल्या किंवा वार अडकलेल्या जनावराला लंगडण्याच्या आधीच बर्फ लावला तर खूर वाचण्याची शक्यता खूप वाढते. यासाठी महागडं काही लागत नाही. ट्रकची जुनी ट्यूब कापून, खालचं तोंड घट्ट बांधून पायात चढवली आणि बर्फाच्या लादीचा चुरा भरत राहिलं तरी चालतं. लागतो तो रात्रभर जागणारा माणूस.

वेदनाशामक डॉक्टरच देतील, पण मेडिकलमधून आपणच आणून टोचू नका. विशेषतः डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाणारी गिधाडं मरतात. आपल्या आकाशातली गिधाडं अशीच संपत गेली.

चंदी ताबडतोब बंद, हिरवा चारा बंद, फक्त कोरडी वैरण. इथे गाढवाच्या मालकाने एक वाक्य लक्षात ठेवावं: लठ्ठ गाढवाला कधीही उपाशी ठेवू नका. घोड्यालाही उपास बरा नाही, पण गाढवाने एकदम खाणं सोडलं किंवा आपण तोडलं तर साठलेली चरबी लोंढ्यासारखी रक्तात उतरते, रक्ताचा पातळ भाग दुधासारखा दिसू लागतो, यकृत बंद पडतं. खूर राहतो बाजूला आणि गाढव यानेच जातं. शंभर किलोच्या, काम नसलेल्या गाढवाला दिवसाला दीड-पावणेदोन किलो कोरडी वैरण पोटात जायलाच हवी.

रोजच्या खाण्याबद्दल इंग्रजीत जे वाचायला मिळतं ते थोडं सांभाळून घ्यावं. युरोपातल्या थंड हवेच्या गवतांत फ्रुक्टन नावाची साखर साठते, म्हणून तिथे वसंतातल्या कुरणांची धास्ती असते. आपली हरळी, मारवेल ही उष्ण हवेची गवतं, त्यांत फ्रुक्टन जवळजवळ नसतं. आपला धोका वेगळ्या दारातून येतो: चंदीचं माप, गूळ, उसाची कांडी असलेले वाढे, आणि पाहुण्यांनी प्रेमाने दिलेलं काहीबाही. काम न करणाऱ्या घोड्याला चंदी लागतच नाही, मीठ आणि खनिज मिश्रण पुरतं. लठ्ठ जनावराची वैरण तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर बरीच साखर निघून जाते. आपल्या उन्हात त्याहून जास्त वेळ ठेवू नये, आंबते.

आणि हो, चालवणं. धडधाकट जनावराला रोज चालवलं की शरीर इन्सुलिनला दाद देत राहतं. कोड्याचं उत्तर इथे पूर्ण लागू पडतं. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी, म्हणून तिथला घोडा हंगामात दिवसभर चढ-उतार करतो. पावसाळ्यात पर्यटक आटले की तोच घोडा बांधून राहतो, वर हिरवा चारा मुबलक. काम थांबलं की त्याच दिवशी चंदीही कमी व्हायला हवी, हे जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, न सांगता करायचे.

खूर कापण्याबद्दल थोडं. नाल ठोकावी की घोडा अनवाणी ठेवावा, यावर जगभर भांडणं आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेमी जॅक्सन या नालबंदाने रानटी मस्टँग घोड्यांचे खूर पाहिले: आखूड टोक, गोल झिजलेली कड, जाड तळवा. त्यातून नैसर्गिक खूरनिगेची चळवळ उभी राहिली. तिचं मूळ म्हणणं मला पटतं. टाच जमिनीवर टेकली की खूर किंचित फाकतो, मधला त्रिकोणी रबरासारखा भाग धक्का झेलतो, आणि खिळ्यांनी जखडलेल्या लोखंडात हे कमी होतं. पण ऑस्ट्रेलियात रानटी घोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिवसाला सरासरी १५-१६ किलोमीटर चालणाऱ्या त्या घोड्यांच्या खुरांतही जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा सापडल्या. म्हणजे रानात आहे म्हणून खूर आदर्श, असं म्हणता येत नाही. माझा हिशेब साधा आहे: झीज वाढीपेक्षा जास्त असेल तर नाल हवी, कमी असेल तर कानस हवी. डांबरावर रोज टांगा ओढणाऱ्या घोड्याची नाल काढून त्याला निसर्गाचं तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही.

नालबंदाकडे मात्र एक हट्ट धरावा. तळवा खरवडून गुळगुळीत, पांढराशुभ्र करणं म्हणजे सफाई, असा समज फार पसरलेला आहे. तळव्याची जाडी मुळात १०-१५ मिलिमीटर, आणि हाड खाली येऊ पाहत असताना तीच एक ढाल असते. ती कापू देऊ नका. मधल्या त्रिकोणाचे लोंबणारे तुकडे तेवढे काढावेत. कापायचं ते पुढचं वाढलेलं टोक, कारण चालताना ते पहारीसारखं काम करून ताणलेली पकड आणखी उचकटतं. घोड्याला सहा ते आठ आठवड्यांनी, गाढवाला फार तर दहा आठवड्यांनी, थोडं थोडं कापावं. सहा महिन्यांचं एका दिवसात कापलं तर पाय आणखी बिघडतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३.२ लाख गाढवं होती, २०१९ मध्ये १.२ लाख. जनावरं घटली तशी नालबंदांची पोटं दुसऱ्या धंद्याला लागली, त्यामुळे चांगला नालबंद मिळाला तर त्याला वेळेवर पैसे द्या. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराला नोकरीवर घेताना जी आगाऊ रक्कम देत, तिचं नावच नालबंदी होतं.

दुखणं आटोक्यात आल्यावर सुधारणा दिसते ती केसांच्या रेषेखाली. तिथून सरळ, घट्ट भिंत उतरायला लागते आणि खालच्या जुन्या, फाकलेल्या भिंतीशी तिचा कोन जुळत नाही, मध्ये एक मोड दिसतो. दर महिन्याच्या एक तारखेला, खूर सपाट फरशीवर ठेवून, कॅमेरा जमिनीलगत धरून बाजूने एक फोटो काढा. तीन महिन्यांनी तो मोड दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकलेला दिसेल. मोडाच्या वर नव्या फाकलेल्या रेघा आल्या असतील, तर घरात कोण गुळाचे खडे देतंय ते शोधा.